कमलम्माची तहान

कमलम्मा मुदखेडला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. पाचवी ते दहावी मी तिच्या हातचं खाल्लं. साठ मुलींचा भात ती एका पातेल्यात लावायची आणि झाकण न काढता, नुसत्या वासावरून, "झाला, उतरवा" म्हणून सांगायची. माहेर देगलूरच्या पलीकडचं, तेलंगणाच्या सीमेला लागून. त्यामुळं चिडली की तेलुगूत बोलायची, आणि एखादी पोर तापानं फणफणली की तिच्या उशाशी बसूनही तेलुगूतच काहीबाही पुटपुटायची. आम्हाला एक शब्द कळायचा नाही, पण झोप लागायची.

तिचा नवरा प्रभुदास रेल्वेत पॉइंट्समन. मुदखेड जंक्शनवर तीस वर्षं त्यानं रुळांचे सांधे बदलले. दोघांना मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही. कुणी विचारलंच तर "देवानं साठ दिल्या की," एवढंच म्हणायची.

रुळांच्या अंगाला आमचं छोटं चर्च आहे, पत्र्याचं. चाळीसेक कुटुंबांची मंडळी. तिथल्या महिला मंडळाचा कणा म्हणजे कमलम्मा आणि तिची मैत्रीण साखराबाई. कुणाच्या घरी आजारपण, कुणाच्या घरी मयत, कुणाचा नवरा घर सोडून गेलेला. या दोघी पदर खोचून हजर. कमलम्मा गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करायची. मग त्या घरच्या बाईचा हात धरून म्हणायची, "घाबरू नको. देव बघून राहिला. त्याच्या मर्जीबिगर पान हलत न्हाई." त्या आवाजात इतकी खात्री असायची की समोरची बाई रडणं थांबवायची. पटायचं म्हणून, की पुढं बोलायला जागाच राहायची नाही म्हणून, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

पन्नाशी उलटली आणि तिचे पाय सुजायला लागले. रक्तदाब जुनाच, गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. दिवसभर चुलीपुढं उभं राहिल्यावर पाय सुजणारच, असं तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं. मग जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या. नांदेडला तपासणी झाली. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"किती दिवस, साहेब?" प्रभुदासनं विचारलं.

"आता कायमच," डॉक्टर म्हणाले.

बुधवार आणि शनिवार ठरले. सकाळच्या पॅसेंजरनं नांदेड, तिथून रिक्षानं दवाखाना. डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून फुगवून घेतलेली. तिच्यात दोन जाड सुया. एका नळीतून अंगातलं रक्त मशीनकडं जाणार, दुसरीतून परत येणार. चार तास हात हलवायचा नाही. शेवटच्या तासाला पायांत पेटके यायचे, डोळ्यांपुढं अंधारी यायची. संध्याकाळी घरी आल्यावर ती चप्पल काढायचीही विसरून खाटेवर पडायची. गुरुवार अंग गोळा करण्यात जायचा. शुक्रवारी जरा माणसात यायची, की शनिवार उजाडलाच.

वसतिगृहाचं काम सुटलं. साठ माणसांचा अंदाज असलेल्या त्या बाईला आता स्वतःसाठी बटाटा उकडून त्याचं पाणी फेकून द्यावं लागे. मीठ जवळजवळ बंद, केळं बंद, टोमॅटो बंद. पण हे सगळं तिनं सोसलं. सोसवत नव्हतं ते पाण्याचं. लघवी जवळपास थांबलेली, त्यामुळं प्यालेलं पाणी अंगातच साचायचं. दिवसाला तीन फुलपात्रं, चहा-औषधासकट. मराठवाड्यातला मार्च, एप्रिल, मे. आणि तीन फुलपात्रं.

मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करत होती. पहिलं वर्ष असंच गेलं. मग साखराबाईला कुणीतरी सांगितलं की नांदेडला तीन दिवसांची उपवास-प्रार्थना आहे, बाहेरून एक मोठे उपदेशक येणार आहेत, त्यांच्या हातून माणसं बरी होतात. साखराबाई धावत आली. "कमल, चल. आपुन लोकांसाठी एवढं मागितलं, आता तुझ्यासाठी मागू."

कमलम्मा गेली. मांडवात हजारभर माणसं होती. उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कपाळाला तेल लावलं आणि माइकवरून सांगितलं, "ही भगिनी बरी झाली. बाई, आता शंका धरू नको. सुयांवर भरवसा ठेवशील तर देवावर कधी ठेवशील?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमलम्माला खरंच हलकं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी तिच्याच आवाजात तिच्याशी बोललं होतं, खात्रीच्या आवाजात.

त्या बुधवारी ती नांदेडला गेली नाही. प्रभुदासनं गाडीची वेळ दोनदा सांगितली. ती म्हणाली, "मला बरं केलंय त्यानं. पुन्हा सुई टोचून घेतली तर त्याला खोटं पाडल्यासारखं हुईल." शनिवारीही गेली नाही. रविवारी चर्चला आली तेव्हा तिचा चेहरा भरून आलेला होता. साखराबाई म्हणाली, तेज आलंय. ती सूज होती.

सोमवारी दुपारी तिला श्वास घेता येईना. आडवं पडलं की जीव घुसमटे, म्हणून भिंतीला हात टेकून ती पुढं वाकून बसली. छातीतून खळखळ आवाज यायला लागला. प्रभुदासनं शेजाऱ्याची जीप बोलावली. नांदेडला पोचेपर्यंत तिचे ओठ काळेनिळे झाले होते. तातडीनं मशीन लावलं म्हणून वाचली. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर खूप बोलले. प्रभुदास त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला, जसं काही चूक त्याचीच होती.

उपदेशक तोवर पुढच्या गावाला गेले होते. त्यांच्याकडून निरोप आला, बाईचा विश्वास कमी पडला असेल.

या निरोपानं ती कोलमडली. दुखण्यानं कोलमडली नव्हती.

आमचे पाळक संगमेश तरुण होते, बिदरकडचे, मराठी बोलताना मध्येच कानडी शब्द यायचा. ते दवाखान्यात आले. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी वचन वाचतील. ते स्टुलावर बसले, तिचा मोकळा हात हातात घेतला आणि बराच वेळ गप्पच राहिले. शेवटी म्हणाले, "अम्मा, मला काय बोलावं कळत न्हाई." मग चार तास तिथंच बसले. तिसऱ्या तासाला त्यांना बसल्याबसल्या डुलकी लागली. पुढं कधीतरी कमलम्मा मला म्हणाली, "त्या दिवसांत मला आवडलेला तेवढाच एक माणूस."

घरी आल्यावर तिनं प्रार्थना सोडली. चर्चला यायची, मागच्या बाकावर बसायची, सगळे गुडघे टेकायचे तेव्हा ही तशीच बसून राहायची. "गुडघ्यात जोर न्हाई," म्हणायची. साखराबाई आली की झोपेचं सोंग घ्यायची. रागापेक्षा थकवाच जास्त होता. आणि एक लाजही होती, ती तिनं फक्त प्रभुदासला सांगितली. पूर्वी वसतिगृहातली एक पोर काविळीनं गेली होती. तिच्या आईला कमलम्मानं हात धरून तेच सांगितलं होतं, पान हलत नाही ते. "ती बाई कशी बघत होती माझ्याकडं," ती प्रभुदासला म्हणाली. "आता कळून राहिलं."

दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर मकबूलभाई असायचे. नांदेडच्या जुन्या भागात घड्याळं दुरुस्त करायचे. साठीचे, बारीक, बोलायला गोड. त्यांची बायको हसीना बाहेरच्या बाकावर तसबीचे मणी ओढत बसलेली असे. बुधवार-शनिवार शेजारी पडून पडून कमलम्माची आणि मकबूलभाईंची चांगली ओळख झाली होती. कुठल्या खाटेवरचं माणूस आलं नाही, हे दोघंही न बोलता बघायची, आणि पुढच्या वेळी त्या खाटेवर नवं माणूस दिसलं की त्याच्याकडं बघून हसायची.

त्या वर्षी रमजान आणि आमचा उपवासकाळ एकत्र आले. झावळ्यांच्या रविवारी पाळक संगमेश यांनी येत्या गुड फ्रायडेची वाटणी केली. आमच्याकडं त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. येशू वधस्तंभावरून सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. पाचव्या उद्गारासाठी ठरलेले मास्तर लातूरला मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. पाळक मागच्या बाकापाशी आले. "अम्मा, पाचवा तुम्ही घ्या."

"मी?" कमलम्मा म्हणाली. "मला काय येतंय आता? दुसरं कुणी बघा."

"बघतो," ते म्हणाले. पण त्यांनी यादीतलं तिचं नाव काही काढलं नाही.

बुधवारी ती मशीनला लागली. मकबूलभाई भिंतीकडं तोंड करून पडले होते. तसेच पडून ते बोलले.

"अम्मा, तुमच्यात पण रोजे असतात ना?"

"असतात. चाळीस दिवस."

"मग धरता?"

"मी काय धरू, भाऊ? डॉक्टर बारा महिने धरायला लावून राहिलेत."

ते हसले. पण लगेच त्यांचे डोळे भरले. "दहा वर्षाचा होतो तेव्हापासून एक रोजा सोडला न्हाई मी. आता मौलाना म्हणतात, बिमार माणसाला माफ आहे. माफ आहे, ते कबूल. पण सालभर घसा सुकलेला, आणि रमजानमध्ये मात्र मी रोजेदार न्हाई. घरात सगळे इफ्तारीला बसतात, मी औषधाची गोळी घेऊन बसतो." मग ते म्हणाले, "अल्लाला सगळं माहीत असतं. पण कधी कधी मनात येतं, तहान कशी असते ते त्याला कसं कळणार? त्याला कुठं तहान लागते?"

कमलम्मा बोलून गेली, "आमच्या प्रभूला लागली होती."

"काय?"

"तहान. खांबावर टांगलेला असताना. तो बोलला तसं. मला तहान लागली म्हणून बोलला."

मकबूलभाईंनी तिच्याकडं मान वळवली. मग सावकाश म्हणाले, "आमच्यात ते निराळं मानतात, अम्मा. पण तुम्ही सांगितलं, ऐकून बरं वाटलं."

 कमलम्मानं नंतर मला सांगितलं की हाच तो पाचवा उद्गार, हे तिला बोलून गेल्यावर ध्यानात आलं. चाळीस वर्षं ती ते वाक्य ऐकत आली होती. दर गुड फ्रायडेला कुणीतरी त्यावर बोलायचं. आत्म्याची तहान, तारणाची तहान, असं. पाण्याची तहान कुणी म्हणालं नव्हतं. छताकडं बघत ती चार तास पडून राहिली. पेटके आले तेव्हा ओरडली, नर्सनं येऊन पाय दाबले. उतरल्यावर तिनं प्रभुदासला सांगितलं, "पाळकसाहेबांना फोन लावा. म्हणावं, पाचवा मी घेते."

शुक्रवारी ऊन असं होतं की चर्चचा पत्रा तडतडत होता. बारालाच वीज गेली. बायका उपासनेचे कागद घेऊन वारा घालत होत्या. चार जणांचं बोलून झालं. कमलम्मा उठली, पण व्यासपीठावर चढायला तिच्यात ताकद नव्हती. पाळकांनी पुढं एक खुर्ची ठेवली. ती बसली. दोन दिवसांचं पाणी अंगात होतं, धाप लागत होती. तिनं काही लिहून आणलेलं नव्हतं.

"मला जास्त बोलता येणार न्हाई," तिनं सुरुवात केली. "तहान म्हणजे काय, ते तेवढं सांगते. जीभ टाळूला चिकटते. थुंकी येत न्हाई. मी तोंडात लवंग धरते, चूळ भरून टाकून देते. चूळ टाकताना रडू येतं. शेजारी नळाला पाणी आलं की त्याचा आवाज ऐकून मला त्या बाईचा राग येतो. तिनं काय केलंय माझं? माझे मालक माझ्यापुढं पाणी पीत न्हाईत. मोरीत जाऊन, नळ बारीक सोडून पितात. त्यांना वाटतं मला ऐकू जात न्हाई."

प्रभुदास पुरुषांच्या बाजूला बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"मला बरं करायला पाहिजे होतं त्यानं. अजूनबी केलं तर मला पाहिजेच हाय, खोटं कशाला बोलू? पण मी त्याला वर कुठंतरी शोधत होते. तिथून तो बघून राहिला, आणि काय करून न्हाई राहिला, म्हणून मी अबोला धरला. परवा ध्यानात आलं. तो तर खिळून पडलेला. हलता येईना. सुया मला, खिळे त्याला. घसा त्याचाबी सुकलेला. आणि त्यानं ते लपवलं न्हाई. देवाचा लेक असून सगळ्यांपुढं पाणी मागितलं. मग मी थकले म्हणायला मला कशाची लाज?"

ती थांबली. धाप ओसरू दिली.

"कुणीतरी काठीला बोळा बांधून, आंबेत, म्हणजे आंबट झालेल्या द्राक्षारसात, बुडवून त्याच्या तोंडाला लावला. त्या माणसानं त्याला खाली उतरवलं न्हाई, त्याच्या हातात ते नव्हतं. ओठ तेवढे ओले केले. मी तुमच्या घरी यायचे, लई बोलायचे. कुणाचे ओठ ओले केले न्हाईत. तेवढं माफ करा."

आणि ती बसल्या जागीच डोळे मिटून राहिली. प्रार्थना करते आहे की चक्कर आली, कुणाला कळेना. पाळक जवळ गेले तर म्हणाली, "काय न्हाई. दमले."

उपासना सुटल्यावर आम्ही चार-पाच जणी तिच्याभोवती होतो. साखराबाई लांब, दाराशी उभी होती. सगळ्या पांगल्यावर ती आली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"मी तुला घेऊन गेले होते, कमल."

"मी पायानं चालत आले होते. तू काय उचलून नेलंस?"

"मला वाटलं होतं..."

"मलाबी वाटलं होतं," कमलम्मा म्हणाली. "जाऊ दे आता."

साखराबाई रडली. कमलम्मा नाही रडली. नंतर मला म्हणाली, "रडायला पाणी लागतं, ते कुठनं आणू?" आणि स्वतःच हसली.

त्या शनिवारपासून साखराबाई तिच्याबरोबर नांदेडला जायला लागली. प्रभुदासचे गुडघे गेले होते, पूल चढताना त्याला फार त्रास व्हायचा. आता तो फक्त बुधवारी जातो. साखराबाई गाडीत पूर्वीसारखी मोठ्यानं गाणी म्हणत नाही. खिडकीकडची जागा धरून देते, आणि येताना कमलम्माचं डोकं खांद्यावर घेते.

त्यानंतर काही चमत्कार झाला असं नाही. जूनमध्ये मकबूलभाई गेले. एका शनिवारी खाटेवर दुसराच माणूस होता. कमलम्मानं नर्सला विचारलं, पत्ता घेतला, आणि चार तास झाल्यावर तशीच, अंगात त्राण नसताना, साखराबाईला घेऊन त्यांच्या घरी गेली. हसीना आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसली होती. कमलम्मा तिच्याशेजारी जाऊन टेकली. देवाच्या मर्जीबद्दल एक शब्द बोलली नाही. तासाभरानं विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस?" हसीनानं नाही म्हणून मान हलवली. मग कमलम्मा स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि साखराबाईकडून खिचडी करवून घेतली. झाकण उघडू दिलं नाही. वास घेऊन म्हणाली, "झाली." हसीनानं चार घास खाल्ले. निघताना ती कमलम्माच्या गळ्यात पडून म्हणाली, "ते तुमचं नाव घ्यायचे. दुआ करा त्यांच्यासाठी." कमलम्मा म्हणाली, "करते." मुदखेडच्या गाडीत तिनं केली. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणासाठी तरी आवाज काढून. साखराबाई सांगते, अगदी छोटी होती. त्यात खात्रीचा एकही शब्द नव्हता.

आता तिची प्रार्थना तशीच असते. "तू हाय ना? मी पण हाय." कधी तेवढंही नाही. कधी नुसतं शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं घेते आणि थांबते. मागच्या वर्षी हाताची शीर बंद पडली, गळ्यात नळी घालून दोन महिने काढावे लागले. वजन उतरलंय. पुढं किती दिवस, हे ती विचारत नाही आणि डॉक्टर सांगत नाहीत. चर्चमधल्या कुणी अजूनही म्हटलं, "अम्मा, विश्वास ठेवा, बऱ्या व्हाल," तर ती "हाव बाप्पा" म्हणते आणि विषय बदलते. पण एखाद्या घरी दुखणं आलं की बायका तिलाच बोलावतात, पूर्वीपेक्षा जास्त. ती जाते तेव्हा काय करते, म्हणून मी एकीला विचारलं. ती म्हणाली, "काय न्हाई करत. बसते."

मागच्या शनिवारी मी नांदेडच्या शाळेतलं शिकवणं आटोपून येताना या दोघींच्याच डब्यात होते. मुदखेडला उतरलो. साखराबाई रिक्षा बघायला पुढं गेली. कमलम्माला दहा पावलं टाकल्यावर धाप लागली, तशी ती फलाटावरच्या बाकावर बसली. हाताला पांढरी पट्टी, चेहरा राखेसारखा. मी विचारलं, "अम्मा, लई त्रास होतो का गं?"

"होतो," ती म्हणाली. "लई होतो. कटाळा आलाय बघ या सगळ्याचा."

मग तिनं पदरानं बाकावरची धूळ झटकली आणि माझ्यासाठी जागा केली.

"बस की. तूबी दिवसभर उभीच असशील शाळेत."